'फ्राइट नाइट' १९८५ आणि २०११: रीमेकमध्ये नेमकं काय निसटलं?

निशाचर

टॉम हॉलंडचा 'फ्राइट नाइट' अमेरिकेत २ ऑगस्ट १९८५ ला लागला. क्रेग गिलेस्पीने केलेला रीमेक १९ ऑगस्ट २०११ ला आला, तोही थ्रीडीत. दोन्हीकडे गोष्ट तीच. चार्ली ब्रूस्टर नावाच्या शाळकरी पोराच्या शेजारी जेरी नावाचा देखणा माणूस राहायला येतो, तो व्हॅम्पायर निघतो, आणि मदतीला मिळतो तो पीटर व्हिन्सेंट, ज्याने व्हॅम्पायर फक्त खोटे मारलेले असतात.

रीमेक वाईट नाही. कॉलिन फॅरेलचा जेरी तर जबरदस्तच आहे. पण मूळ सिनेमा दर दोन-तीन वर्षांनी काढून बघावा असा आहे आणि रीमेक एकदा बघून संपतो. असं का?

मला वाटतं, मूळ सिनेमाचा पहिला अर्धा भाग एकाच गोष्टीवर चालतो: चार्लीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आई नाही, मैत्रीण एमी नाही, मित्र एड नाही, पोलीस नाहीत. पीटर व्हिन्सेंट तर पैसे घेऊन, चार्लीचा समज दूर करायला येतो. हसू येतं ते यातूनच, आणि भीतीही यातूनच. रीमेकमध्ये हे उलटं केलंय. एडला आधी कळतं आणि चार्लीच मानत नाही. मग लवकरच चार्ली स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि तिथून पुढे नुसती पळापळ.

(रहस्यभेद होणार आहे, दोन्ही सिनेमांचे शेवट चर्चेत येतील.)

रीळवेडा

असहमत. पटकथा मार्टी नॉक्सनची आहे, 'बफी' या व्हॅम्पायरांच्या टीव्ही मालिकेवर अनेक वर्षं काम केलेली बाई. तिने हे उलटं जाणूनबुजून केलंय. २०११ मध्ये प्रेक्षक 'ट्वायलाइट' बघून आलेला होता. शेजारी व्हॅम्पायर आहे हे पोस्टरवर दिसत असताना नायकाने ते सिद्ध करण्यात पाऊण तास घालवला असता तर लोक थिएटरात चुळबुळले असते.

शिवाय जागा बघा. मूळ सिनेमा साध्या उपनगरी गल्लीत घडतो. रीमेक लास वेगासच्या बाहेरच्या वस्तीत. घरबाजार कोसळल्यानंतरचा काळ, निम्मी घरं रिकामी, चहूकडे वाळवंट. वेगासमध्ये रात्रपाळी करणारे लोक दिवसा झोपतात, खिडक्या काळ्या करतात. शेजारचं कुटुंब एकाएकी दिसेनासं झालं तर लोक समजतात, हप्ते थकले असतील, गेले सोडून. व्हॅम्पायरला याहून सोयीची वस्ती कुठली? मूळ सिनेमात इतका पक्का विचार जागेचा झालेला नाही.

गावठी_लसूण

आणि चार्लीची आई घरं विकणारी एजंट! घराबाहेर रोवायची पाटी तिच्या हाताशी असतेच आणि तीच ती जेरीच्या पाठीत खुपसते. टोनी कोलेटला एवढ्यासाठी तरी पैकीच्या पैकी गुण.

सुमेधा_वि

निशाचर, तुमच्या मुद्द्याच्या पलीकडे अजून एक मोठी गोष्ट आहे: पीटर व्हिन्सेंटचा धंदा.

अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांवर रात्री उशिरा जुने भयपट दाखवायचे आणि मध्ये मध्ये वेश करून बसलेला सूत्रधार गमतीजमती करायचा. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएबीसी वाहिनीवर व्हॅम्पिरा नावाच्या सूत्रधारिणीने हे सुरू केलं. १९५७ मध्ये स्क्रीन जेम्सने युनिव्हर्सलचे ५२ जुने सिनेमे 'शॉक' नावाने एकगठ्ठा वाहिन्यांना विकले आणि गावोगावी असे सूत्रधार उभे राहिले. १९८१ पासून एल्व्हिरा. १९८५ च्या प्रेक्षकाला हा माणूस ओळखीचा होता. नाव पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतल्या नटांवरून घेतलेलं, हेही त्याला लगेच कळायचं.

रॉडी मॅकडॉवलचा पीटर व्हिन्सेंट उतरणीला लागलेला नट आहे. कार्यक्रमातून त्याला नुकतंच काढलंय, घरभाडं थकलंय. तो कडवटपणे म्हणतो की आजकालच्या पोरांना व्हॅम्पायर नकोत, तोंडाला मुखवटा बांधून मुली कापणारे माथेफिरू हवेत. हा टोला थेट त्या काळच्या सिनेमांना आहे. म्हणजे एका जुन्या जातीच्या भयपटाचं काय करायचं, हा प्रश्नच त्या पात्रात बसवलाय. रीमेकमध्ये डेव्हिड टेनंट वेगासचा जादूगार होतो, क्रिस एंजल या खऱ्या जादूगाराच्या धाटणीचा. चामडी पँट, गोंदण, लांब केस, आणि बोलता बोलता विग आणि दाढीमिशा उपटून ठेवतो. टेनंट मजा आणतो, पण तो श्रीमंत आहे. तो उतरणीला लागलेला नाही.

रीळवेडा

सुमेधाताई, २०११ मध्ये स्थानिक वाहिनीवरचा सूत्रधार आणला असता तर कोणाला कळला असता? दिग्दर्शकाने दुसरं काय करायला हवं होतं?

सुमेधा_वि

जादूगार ठेवावा, पण पडलेला ठेवावा. रिकाम्या खुर्च्यांसमोर दिवसाचे खेळ करणारा. रीमेकने त्याला लहानपणीचं दुःख दिलंय, जेरीनेच त्याच्या आईवडिलांना मारलेलं. हा योगायोग फार सोयीचा आहे. मूळ पीटर व्हिन्सेंटला जेरीशी काहीच देणंघेणं नाही. पळून जायला पूर्ण मोकळा असतो, एकदा पळतोही, आणि तरी परत येतो. म्हणून त्याचं परत येणं भिडतं.

वटवाघूळ

+१. सिगारेटच्या डबीतला आरसा आठवा. सगळे हसतखेळत निघालेत, 'पवित्र पाणी' म्हणून दिलेलं साधं पाणी जेरी पिऊन मोकळा झालाय, आणि पीटर व्हिन्सेंट सहज डबी उघडतो तर आरशात जेरी नाही. डबी हातातून पडते. मॅकडॉवल तिथे एक शब्द बोलत नाही. तोपर्यंत विनोदी असलेला माणूस चेहऱ्यानेच सिनेमा फिरवतो. आणि नंतर जेरीला जमिनीवर काचेचा तुकडा सापडतो, म्हणजे त्यालाही कळलं. दोन मिनिटांत पूर्ण डाव मांडला.

कॅमेऱ्यामागून

मूळ सिनेमातल्या करामतींबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

दृश्य परिणाम रिचर्ड एडलंडच्या बॉस फिल्मचे. याच चमूने आदल्या वर्षी 'घोस्टबस्टर्स' केला होता. रंगभूषेत केन डियाझ, स्टीव्ह जॉन्सन, रँडल विल्यम कुक. संगणक नाहीच. फोम लेटेक्सचे (रबराच्या चिकाच्या फेसाचे) तुकडे, वायरवर हलणाऱ्या बाहुल्या, मेकॅनिकल तोंडं.

फोम लेटेक्सचा चेहरा कसा होतो ते समजलं की हे काम किती नाजूक आहे ते कळतं. आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा अल्जिनेटमध्ये, दंतवैद्य वापरतात तेच. त्यातून कडक प्लास्टरचं डोकं. त्यावर मातीकाम. मातीकामाचा उलटा साचा. दोन साच्यांमधल्या पोकळीत लेटेक्सचा फेस. ठोक प्रमाण असं: १५० ग्रॅम लेटेक्स, ३० ग्रॅम फेस आणणारं द्रव्य, १५ ग्रॅम क्युरिंग एजंट (भाजताना रबर पक्कं करणारं द्रव्य). हे मिक्सरमध्ये वेगाने फेटून हवं तेवढं फुगवायचं, मग वेग कमी करून मोठे बुडबुडे मोडायचे आणि शेवटी साधारण १४ ग्रॅम जेलिंग एजंट (फेस आळवणारं द्रव्य). साच्यात भरून ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजायचं.

बिघडतं ते इथे. फेटताना लेटेक्समधला अमोनिया उडत असतो. तो जास्त उडाला तर फेस भांड्यातच आळतो, कमी उडाला तर साच्यात आळतच नाही. खोलीतलं तापमान आणि दमटपणा बदलला की सगळ्या वेळा बदलतात. जास्त भाजलं तर तुकडा ठिसूळ होतो आणि कडा फाटतात. कडा कागदापेक्षा पातळ हवी, नाहीतर क्लोजअपमध्ये गालावर रेघ दिसते.

आता जेरीचा चेहरा बघा. तो एकदम पशू होत नाही. आधी फक्त डोळे आणि नखं, मग कपाळ आणि सुळे, शेवटी पूर्ण राक्षस. प्रत्येक टप्प्याला वेगळे तुकडे, वेगळे दात, वेगळा रंग. जेरी झालेल्या क्रिस सॅरंडनला तासन्तास खुर्चीत बसावं लागलं असणार, आणि तरी त्याचा आवाज आणि मानेची लकब प्रत्येक टप्प्यात तीच राहते. म्हणून तो राक्षस जेरीच वाटतो.

चिंचोके

डोळ्यांच्या लेन्सचं काय? एडचे लाल डोळे फारच भीतिदायक आहेत.

कॅमेऱ्यामागून

डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या मोठ्या लेन्स. त्या काळी कडक प्लास्टिकच्या, हाताने रंगवलेल्या. त्यातून डोळ्याला हवा मिळत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने काढून डोळा धुवावा लागतो. नटाला समोरचं धुरकट दिसतं, जिना तर दिसतच नाही. म्हणून अशा चित्रीकरणात नटाला हात धरून जागेवर नेतात, खुणा मोठ्या ठेवतात आणि लेन्सचे शॉट एकत्र करून घेतात. कोणी शॉर्ट फिल्म करत असेल तर एक विनंती: बाजारातल्या स्वस्त रंगीत लेन्स नेत्रतज्ज्ञाला न दाखवता नटाच्या डोळ्यात घालू नका. बुबुळावर ओरखडा गेला तर जखम चिघळू शकते.

तिसरी_घंटा

एडच्या मरणाबद्दल बोलूया. पीटर व्हिन्सेंट चार्लीच्या घरात पळून येतो. वर चार्लीच्या आईच्या पलंगावर एड विग घालून पडलेला. इथपर्यंत विनोद. मग एड लांडगा होऊन झेप घेतो, तुटलेल्या टेबलाचा पाय त्याच्या छातीत घुसतो, तो खाली कोसळतो. साधा दिग्दर्शक इथे कापून पुढे जाईल. हॉलंड जात नाही. लांडग्याचा परत पोरगा होतो, हळूहळू, कण्हत, हात पुढे करत. मॅकडॉवल नुसता बघत राहतो, मदत करावी असं वाटतंय पण हात पुढे होत नाही. आयुष्यभर पडद्यावर व्हॅम्पायर मारलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की मारणं म्हणजे हे.

हॉरर कॉमेडीचं सगळं मर्म मला या दृश्यात दिसतं. हसणाऱ्या प्रेक्षकाला सिनेमा थांबवून दुःख करायला लावतो, आणि तो नकार देत नाही. रीमेकमध्ये एडला चार्ली मारतो, दोघे जुने मित्र असल्यामुळे कल्पना चांगली आहे, पण मारामारीचा वेग इतका की दुःखाला जागाच उरत नाही.

रीळवेडा

या एका मुद्द्यावर सहमत. पण मग रीमेकमधलं डोरिसचं दृश्यही बघायला हवं. चार्ली जेरीच्या घरात शिरतो, कपाटामागच्या कोठड्या सापडतात, शेजारीण डोरिस अर्धमेली. तो तिला जीव मुठीत धरून बाहेर काढतो. जेरी वर टीव्ही लावून बसलाय असं आपल्याला वाटतं. अंगणात उन्हात पाऊल टाकताच डोरिस राख होते. जेरीला सगळं माहीत होतं, त्याने जाऊ दिलं. यात एकही विनोद नाही आणि मूळ सिनेमात याच्या तोडीचं ताणाचं दृश्य नाही. हे मान्य करायला हवं.

निशाचर

मान्य. ते दृश्य उत्तमच आहे.

वटवाघूळ

गॅसची पाइपलाइनही. आमंत्रणाशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही, हा जुना नियम. मूळ सिनेमात आई स्वतःच जेरीला आत बोलावते आणि चार्लीचा चेहरा पांढराफटक पडतो. रीमेकमध्ये जेरी अंगण खणतो, गॅसची नळी उपटतो आणि घरच उडवून देतो. घर नाही तर आमंत्रण कशाला! जुन्या नियमाला दिलेलं इतकं सरळ उत्तर दुसरीकडे बघितलेलं नाही. लगेच पुढे वाळवंटातला गाडीचा प्रसंग, कॅमेरा गाडीच्या आतल्या आत फिरत राहतो. आणि मागून येऊन धडकणारा गाडीवाला म्हणजे खुद्द क्रिस सॅरंडन. श्रेयनामावलीत त्याचं नाव 'जे डी'. जुन्या जेरीला नवा जेरी चावतो.

गावठी_लसूण

फळांचाही मान राखलाय. सॅरंडनने ठरवलं होतं की जेरीच्या वंशात कुठेतरी फळं खाणारं वटवाघूळ असणार, म्हणून तो सिनेमाभर फळं खात फिरतो. फॅरेल हिरवं सफरचंद खातो. शेजारी सफरचंद खाताना दिसला की आता खिडकी लावून घ्यावीशी वाटते.

चिंचोके

अवांतर: हॉलंडने पुढे १९८८ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' केला, त्यातही पोलिसाच्या भूमिकेत सॅरंडन. आणि त्यातल्या झपाटलेल्या बाहुल्याच्या कल्पनेवरून आपला 'झपाटलेला' (१९९३). म्हणजे तात्या विंचूचं मूळ शोधत गेलं की याच दिग्दर्शकाच्या दारात पोचतो!

तिसरी_घंटा

अवांतर पण कामाचं आहे. 'झपाटलेला'मध्ये महेश कोठारे यांनी हॉलंडच्या 'फ्राइट नाइट'चं तत्त्व जास्त पाळलंय, 'चाइल्ड्स प्ले'चं कमी. लक्ष्याची धांदल विनोदी, पण तात्या विंचू स्वतःला कधी विनोदी समजत नाही. रामदास पाध्ये यांनी बनवलेली बाहुली आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज, दोन्ही गंभीर. 'ओम फट् स्वाहा' म्हणताना त्याला खरंच शरीर हवं असतं. पोरं घाबरली ती त्यामुळे. 'झपाटलेला २' (२०१३) हाही थ्रीडीतच आला, हे रीमेकशी जुळणारं.

रीळवेडा

हिंदीत विनोद तलवार यांचा 'वोही भयानक रात' (१९८९) आहे, किरण कुमार व्हॅम्पायर. मूळ सिनेमाची सांगाडाभर उचल. आवर्जून सांगण्यासारखं एवढंच की खिडकीतून शेजाऱ्याकडे बघणारा पोरगा कुठल्याही देशात नेला तरी चालतो.

कॅमेऱ्यामागून

थ्रीडीचा विषय निघालाच आहे तर रीमेकवर झालेला एक अन्याय सांगतो. 'सगळं काळंकुट्ट दिसतं' ही तक्रार सर्रास होते. छायाचित्रकार हाविएर अगिरेसारोबे, 'द अदर्स'चा, अंधार कसा वापरायचा हे त्याला चांगलं कळतं. सिनेमा खऱ्या थ्रीडीत चित्रित झालाय, नंतर बदललेला नाही. अशा जोडणीत (रिगमध्ये) दोन कॅमेरे आणि मध्ये अर्धपारदर्शक आरसा असतो, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याला निम्माच प्रकाश. हा तोटा दिवे वाढवून भरता येतो. खरा घोटाळा थिएटरात. साध्या सिनेमासाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण आहे. थ्रीडीत गाळण्या आणि चष्मा यातून डोळ्यापर्यंत बऱ्याचदा ४-५ च पोचतो. निम्म्याहून अधिक सिनेमा रात्रीचा, मग काय दिसणार? घरी साधी ब्लू-रे लावा, खोलीत अंधार करा, टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद करून 'सिनेमा' मोड ठेवा. वाळवंटातल्या रात्रीचे निळे-पिवळे थर तेव्हा दिसतात.

सुमेधा_वि

क्रूसाच्या नियमाबद्दल कोणी बोलेल म्हणून थांबले होते. मूळ सिनेमात जिन्यावर पीटर व्हिन्सेंट क्रूस पुढे करतो आणि जेरी हसून तो मोडून टाकतो, कारण धरणाऱ्याची श्रद्धा नाही. तेवढ्यात चार्लीचा क्रूस मात्र चालतो. शेवटी पहाट होताना तोच पीटर व्हिन्सेंट पुन्हा क्रूस धरतो आणि या वेळी जेरी मागे सरतो. पात्राचा सगळा प्रवास एका वस्तूत मोजता येतो. रीमेकमध्ये याजागी संत मायकेलचा खुंटा आहे: जेरीला मारला की त्याने बाटवलेले सगळे परत माणसं होतात. ही वस्तू कोणाच्याही हातात चालते. धरणारा बदलण्याची गरजच नाही.

वटवाघूळ

पण ताई, त्याआधी स्वतःच्या खोलीत पीटर व्हिन्सेंट एडच्या कपाळावर क्रूस टेकवतो आणि कपाळ भाजतं. तेव्हा कुठे होती श्रद्धा?

सुमेधा_वि

चांगला प्रश्न. माझ्या मते तिथे तो विचार करत नाही, जिवाच्या भीतीने हाताला येईल ते पुढे करतो. जिन्यावर मात्र तो पडद्यावरच्या थाटात, संवाद म्हणत क्रूस काढतो. नट म्हणून धरला की चालत नाही, माणूस म्हणून धरला की चालतो.

तिसरी_घंटा

वा. हे पटलं.

चिंचोके

मूळ सिनेमात जेरीसोबत राहणाऱ्या बिली कोलचं कोडं कोणी सोडवेल का? दिवसा उन्हात फिरतो, आरामात काम करतो, गोळी लागून उठतो आणि मरताना हिरवा चिखल आणि वाळू होऊन वितळतो. व्हॅम्पायर नाही, माणूसही नाही.

रीळवेडा

सिनेमा सांगतच नाही, आणि तेच बरं. जेरी आणि बिली एका घरात ज्या जवळिकीने राहतात त्यावर समलिंगी नात्याच्या अंगाने बरंच लिहिलं गेलंय, आणि ते ओढूनताणून नाही. गल्लीत जेरी एडला जाळ्यात घेतो तेव्हाही तो म्हणतो की वेगळं असणं काय असतं ते मला ठाऊक आहे. एड लगेच हात देतो. रीमेकने बिलीला काढलं, जेरीला एकटा केला. तिथे एड त्याची तुलना सिनेमातल्या शार्कशी करतो, फक्त खाणारा. फॅरेल तसाच वागतो, नाक वर करून वास घेतो, मान वाकडी करतो. भीती वाढली, मोह गेला.

निशाचर

रीळवेडा, इथे तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलंत. मूळ जेरीला कोणीतरी हवं असतं. एमी त्याच्या जुन्या प्रेयसीच्या चित्रासारखी दिसते, एडला तो आधार देतो, बिली सोबतीला आहे. म्हणून प्रत्येक बळी थोडा स्वतःच्या पायाने जातो आणि चार्ली एकटा पडत जातो. अविश्वासाचा मुद्दा मी आधी मांडला, पण त्याच्या मुळाशी हे आहे. रीमेकच्या जेरीकडे कोणी आपणहून जात नाही.

गावठी_लसूण

आकडेही बघा. मूळ सिनेमा साधारण ९० लाख डॉलरमध्ये झाला आणि एकट्या अमेरिकेत सुमारे अडीच कोटी कमावले. रीमेकला ३ कोटी लागले, अमेरिकेत सुमारे १.८ कोटी आणि जगभरात ४.१ कोटींच्या आसपास. जाहिरात आणि थिएटरांचा वाटा धरला तर तोटाच.

रीळवेडा

गल्ल्यावरून सिनेमा ठरत नाही. अँटन येल्चिनसाठी तरी रीमेक बघावा. तो २०१६ मध्ये गेला, अवघ्या २७ व्या वर्षी. चार्लीला त्याने कुठेही बावळट केलेलं नाही.

कॅमेऱ्यामागून

नव्याने बघणाऱ्यांसाठी क्रम: आधी १९८५, मग २०११. उलट बघितलं तर मूळ सिनेमाचा पहिला तास संथ वाटेल. टॉमी ली वॉलेसचा 'फ्राइट नाइट पार्ट २' (१९८८) मूळ जोडीसाठी, रॅग्जडेल (मूळ चार्ली) आणि मॅकडॉवल दोघेही आहेत. २०१३ चा 'न्यू ब्लड' थेट डीव्हीडीवर आला, रीमेकचं नाव लावलंय पण कथा पुढची नाही. तो वगळला तरी चालेल.

चिंचोके

आज रात्री १९८५ चा लावतोय. कोणाला दृश्यागणिक लिहायचं असेल तर याच धाग्यावर लिहा, नवीन काढू नका.